गळा आपला, हिशेब कुणाचा?

एप्रिल महिना आला की भोकर तालुक्यातल्या रात्री लांबतात. १४ एप्रिलला सुरू झालेली जयंती गावोगाव पुढे सरकत राहते. आज या वस्तीत, उद्या त्या वाडीत. मुदखेड, उमरी, हिमायतनगर, किनवट, सगळीकडे हेच चित्र. टेम्पोतून ढोलकी, हार्मोनियम, बेंजो, कीबोर्ड उतरतो, मंडपात गायन पार्टी बसते आणि मुख्य गायक पहिला सूर लावतो, तेव्हा दिवसभर शेतात राबलेला माणूस ताठ बसतो. आंबेडकरी चळवळ खेड्यापाड्यात कुणी पोहोचवली याचा प्रामाणिक इतिहास लिहायला घेतला तर पुष्कळ पुढाऱ्यांच्या आधी या गायकांची नावे लिहावी लागतील. पण ती नावे कुणाच्या वहीत आहेत? गाणे कुणाचे, चाल कुणाची, कॅसेट कुणी काढली, पैसा कुणाच्या घरी गेला आणि गायक म्हातारा झाल्यावर त्याचे काय झाले, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

हा प्रश्न विचारताना आम्ही आज एका अशा गायकाची गोष्ट सांगणार आहोत, ज्याचे नाव या पानावर पाहून काही वाचकांना नवल वाटेल. फ्रेडी मर्क्युरी हे ते नाव. इंग्लंडमधल्या ‘क्वीन’ या रॉक बँडचा तो मुख्य गायक होता. रॉक बँड म्हणजे काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. आपल्या गायन पार्टीसारखाच तो चार-पाच जणांचा संच असतो. एक मुख्य गायक, एक-दोन गिटारवाले, एक ड्रमवाला, आणि कोरस देणारेही तेच. आंबेडकरी वाचकाने या विलायती गायकाची गोष्ट कशासाठी वाचायची, असे कुणी विचारील. पहिले कारण असे की तो मुळात विलायती नव्हताच. त्याचे शिक्षण आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत झाले. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. नुसत्या गळ्यावर गायक मोठा होत नाही. त्याच्यामागे शाळा, साथीदार आणि कायद्याचा कागद उभा राहावा लागतो, हे त्याच्या आयुष्यात स्वच्छ दिसते. आणि पाश्चात्त्य संगीताशी आपल्याला काय घेणे, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की स्वतः बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते.

फारोख बुलसारा हे फ्रेडीचे मूळ नाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. आईवडील गुजरातेतून तिकडे गेलेले पारशी. वडील ब्रिटिश सरकारच्या कोर्टात रोखपाल. म्हणजे घरात महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार येत होता. त्या पगाराच्या आधाराने आठ वर्षांच्या मुलाला पाचगणीच्या सेंट पीटर्स या इंग्रजी निवासी शाळेत पाठवता आले. सुट्टीत तो मुंबईला आजी आणि आत्याकडे राही. पोराच्या कानात सूर आहे हे शाळेच्या मुख्याध्यापकांना दिसले. त्यांनी आईवडिलांना पत्र लिहिले की थोडी जादा फी भरलीत तर याला पियानो शिकवता येईल. आईवडिलांनी फी भरली. पोरगा पियानोच्या परीक्षा देत चौथ्या श्रेणीपर्यंत गेला.

या साध्या गोष्टीपाशी वाचकाने थोडे थांबावे आणि दुसरे चित्र पाहावे. महाकवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी झाला. फारोखपेक्षा ते २४ वर्षांनी मोठे. अक्षरओळख त्यांना झाली ती मोठेपणी, पोटासाठी मुंबई गाठल्यानंतर. ज्याने पुढे हजारो गाणी लिहिली, त्याला लिहायला शिकण्यासाठीच तारुण्य यावे लागले. एका मुलाच्या कानातला सूर ओळखणारा मुख्याध्यापक पाचगणीला होता. दुसऱ्या मुलाच्या वाट्याला मुख्याध्यापक तर सोडाच, पाटीही आली नाही. प्रतिभा कुठे जन्म घेईल हे कुणाच्या हातात नाही, पण तिला पाटी मिळेल की नाही हे समाजव्यवस्था ठरवते. आजसुद्धा भोकर परिसरातल्या किती शाळांत हार्मोनियम आहे? संगीताचा शिक्षक किती शाळांनी पाहिला आहे? ज्या वस्तीत घराघरात गाणे आहे, तिथल्या पोराला सरगम कुणी शिकवायची?

पाचगणीच्या शाळेतच १९५८ साली पाच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत अशी की या बँडचा मुख्य गायक फारोख नव्हता. गाणारा ब्रूस मरे होता आणि फारोख पियानोवर साथीला बसे. पुढे ज्याच्या गळ्याने जग जिंकले त्याची सुरुवात साथीदार म्हणून झाली. आपल्या गायन पार्टीत मागे बसून कोरस ओढणाऱ्या पोराने हे लक्षात ठेवावे, आणि त्याहून जास्त पुढे बसलेल्या गायकाने लक्षात ठेवावे. मागच्या रांगेत बसलेला उद्याचा गायक असतो.

जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, राजवट उलथली आणि बुलसारा कुटुंबाला बेट सोडून इंग्लंडला पळावे लागले. लंडनच्या कडेला फेल्टममध्ये त्यांनी बिऱ्हाड मांडले. झांझिबारमधला मान गेला होता. फारोखने हीथ्रो विमानतळावर ओझी उचलण्याचे कामही केले. पण शिक्षण सोडले नाही. ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ साली त्याने चित्रकला आणि आरेखनाची पदविका घेतली. क्वीनचे बोधचिन्ह पुढे त्यानेच काढले. केन्सिंग्टनच्या बाजारात त्याने जुन्या कपड्यांचा गाळा लावला. सोबतीला होता ड्रमवाला रॉजर टेलर. टेलर आणि गिटारवाला ब्रायन मे यांच्या बँडमधला गायक सोडून गेला, तेव्हा १९७० मध्ये फारोख तिथे उभा राहिला. १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. ‘क्वीन’ हे नाव फारोखनेच सुचवले. त्याच सुमारास त्याने बुलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे आडनाव घेतले.

आडनावाचा हा प्रश्न आमच्या वाचकाला समजावून सांगायला नको. त्या काळच्या इंग्लंडात आशियाई माणसाला रस्त्याने जाताना शिव्या खाव्या लागत. फ्रेडीने पुढे मुलाखतींत झांझिबार, पाचगणी किंवा आपले पारशीपण यांबद्दल फारसे कधी सांगितले नाही. पुण्यामुंबईत खोली शोधताना घरमालकाने आडनाव विचारले की आमच्या पोरांच्या घशाला कोरड का पडते, हे ज्याला ठाऊक आहे तो फ्रेडीला हसणार नाही. दोष नाव लपवणाऱ्यापेक्षा नाव विचारून माणूस मोजणाऱ्यांचा जास्त आहे. मात्र आमची परंपरा वेगळी आहे. मराठवाड्याने नावासाठी रक्त दिले आहे. १९७८ मध्ये याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारण्यात आले, १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. नावाची किंमत ज्यांनी अशी मोजली, त्यांनी आपल्या गायकाचे नाव मात्र पुसू द्यावे, याला काय म्हणावे?

आता क्वीनच्या हिशेबाकडे येऊ. १९७२ मध्ये या चार पोरांनी लंडनच्या एका स्टुडिओवाल्या कंपनीशी करार केला. कंपनी ध्वनिमुद्रण करून देणार, व्यवहार पाहणार आणि पोरांना आठवड्याला ठरावीक पगार देणार. स्टुडिओ रिकामा असेल त्या अवेळी यांना गायला बोलावले जाई. १९७४ पर्यंत त्यांची गाणी इंग्लंडात गाजू लागली होती, रेकॉर्डी खपत होत्या, आणि गायक मात्र भाड्याच्या खोल्यांत राहत होते. डीकनने घरासाठी ४,००० पौंड मागितले तर नकार मिळाला. ही कहाणी ऐकून आमच्या गायकांना आपलीच कहाणी ऐकल्यासारखे वाटेल. गाणे लोकांच्या तोंडी, पैसा मालकाच्या पेटीत.

फरक पडतो तो इथून पुढे. ही पोरे रडत बसली नाहीत की एकमेकांवर उलटली नाहीत. त्यांनी जिम बीच नावाचा वकील गाठला. करार वाचून काढला आणि १९७५ मध्ये १ लाख पौंड मोजून, शिवाय पुढच्या ६ अल्बमांच्या उत्पन्नातला १ टक्का देऊन आपली सुटका करून घेतली. खिशात पैसे नसताना केलेला हा सौदा होता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रेडीने लिहिलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ बाहेर आले. जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे; एवढे लांब गाणे रेडिओ लावणार नाही असे जाणकार सांगत होते. फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनी आपलेच आवाज थरावर थर मुद्रित करून शेकडो माणसे गात असल्यासारखा कोरस उभा केला. ते गाणे ९ आठवडे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर राहिले. या वेळी पैसा घरी आला.

पैसा आला की भांडण येते. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचे एक गाणे होते. रेकॉर्ड लोकांनी विकत घेतली फ्रेडीच्या गाण्यासाठी, पण कायद्याने दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखाच वाटा मिळत होता. मागच्या बाजूच्या गाण्याला तेवढाच पैसा का, यावरून बँडमध्ये वर्षानुवर्षे धुसफूस राहिली. चौघेही लिहिणारे होते आणि चौघांचीही गाणी गाजत होती, त्यामुळे कुणाचे गाणे घ्यायचे हा प्रश्नही शेवटी पैशाचाच होता. १९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून त्यांनी तोडगा काढला. गाणे कुणीही लिहो, लेखक म्हणून नाव ‘क्वीन’ एवढेच लागेल आणि उत्पन्न चौघांत सारखे वाटले जाईल. तेव्हा फ्रेडी हा जगातल्या सर्वांत नावाजलेल्या गायकांपैकी एक होता. लोक त्यालाच पाहायला येत. तरीही त्याने डीकनच्या बरोबरीचा वाटा घेतला. आपल्याकडे एका मोसमात गायन पार्टी फुटते, दोन महिन्यांत ढोलकीवाला दुसरी पार्टी काढतो. अशा वेळी मुख्य गायकाने बिदागीचा हिशेब साथीदारांपुढे मांडला होता काय, हे आधी विचारावे.

फ्रेडीची मंचावरची ताकद कशात होती? १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेंब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. समोर ७२ हजार लोक. क्वीनला मिळाली जेमतेम वीस मिनिटे. त्या वीस मिनिटांत फ्रेडीने एक सूर फेकावा आणि ७२ हजार गळ्यांनी तो परत करावा, असे घडले. श्रोत्यालाच त्याने कोरस करून टाकले. ही गोष्ट आमच्या शाहिरांना नवी नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या मंडळींच्या जलशांनी, आणि १९४४ नंतर अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हेच केले. लोकांना नुसते ऐकवले नाही, गायला लावले. गाणारा माणूस भीत नाही, हे त्यांना माहीत होते.

पण आम्ही कुणाची आरती ओवाळायला बसलेलो नाही. फ्रेडीच्या आयुष्यात एक डाग आहे आणि तो आंबेडकरी वाचकापुढे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दक्षिण आफ्रिकेत त्या वेळी गोऱ्यांची वर्णभेदी राजवट होती. काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, डबे वेगळे. आमच्या गावकुसाचीच कायद्याने केलेली नक्कल. या राजवटीशी सांस्कृतिक संबंध तोडा, असे आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८० मध्येच केले होते. तरीही ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने सन सिटी या ऐषारामी वसाहतीत जाऊन कार्यक्रम केले. वसाहत होती बोफुथात्स्वाना या, काळ्यांना वेगळे काढण्यासाठी गोऱ्या सरकारनेच बनवलेल्या नकली देशात. इंग्लंडच्या वादकांच्या संघटनेने बँडला दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेले. आम्हाला राजकारणाशी कर्तव्य नाही, आम्ही संगीत करतो, अशी बँडची बाजू होती. जातीयवादी पक्षाच्या मंचावर बिदागी घेऊन गाणारा आपला गायक हेच वाक्य बोलतो, तेव्हा ते जितके पोकळ वाटते तितकेच ते क्वीनच्या तोंडीही पोकळ होते. गळा आपला असला तरी तो कुणाच्या मंडपात लावायचा याची जबाबदारीही आपलीच असते.

या बाबतीत आमच्याकडचा दाखला दुसऱ्या टोकाचा आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचे बळी गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटामुळे ही कहाणी देशभर गेली. समाजाचे दुःख ज्याच्या गळ्यात इतके उतरले होते, त्याच्याभोवती त्या चार दिवसांत आधाराचे हात पुरेसे नव्हते, हे म्हणताना आम्हाला वेदना होतात. भूमिका नसलेला गायक समाजाला नको असतो हे खरे. पण भूमिका घेणाऱ्या गायकाला समाज जपतो काय?

फ्रेडीला जपले गेले. १९८७ मध्ये त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी या रोगाचे नाव काढले की माणसे दूर सरत; वर्तमानपत्रे त्याच्या दारावर पाळत ठेवून होती. साथीदारांना कळल्यावर त्यांनी बाहेर शब्द फुटू दिला नाही. उभे राहवत नव्हते तोपर्यंत फ्रेडी गात राहिला आणि तिघे त्याच्या तब्येतीप्रमाणे ध्वनिमुद्रणाची वेळ ठरवत राहिले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो गेला. जन्मभर ज्या पारशीपणाबद्दल तो बोलला नव्हता, त्याच धर्माच्या पुरोहितांनी त्याचे अंत्यविधी केले. २० एप्रिल १९९२ रोजी वेंब्लीवर त्याच्या स्मृतीसाठी मोठा कार्यक्रम झाला आणि साथीदारांनी वकील जिम बीच यांच्यासह ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ स्थापन केला. एड्सविरुद्धच्या कामाला तो ट्रस्ट आजही पैसा देतो. स्मृतिदिनी हार घालून घरी जाणारे ते साथीदार नव्हते. फ्रेडीच्या गाण्यांचे काय झाले? २०२४ मध्ये क्वीनच्या गाण्यांचे हक्क सोनी कंपनीने सुमारे १ अब्ज पौंडांना घेतल्याच्या बातम्या जगभर आल्या. गायक जाऊन ३३ वर्षे झाली, तरी त्याचा गळा त्याच्या माणसांसाठी कमावत होता.

आता आपला हिशेब मांडू. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात विपन्नावस्थेत गेले. कॅसेटच्या जमान्यात भीमगीतांनी बाजार गरम केला. आमच्या कितीतरी गायकांनी आणि गीतकारांनी एकरकमी चार पैसे घेऊन गाणी देऊन टाकली. कागदावर सही कशाची केली हे कित्येकांना कळलेही नाही. आज कॅसेट गेली आणि मोबाईल आला. तीच गाणी कुणीही उचलतो, यूट्यूबवर चढवतो, जाहिरातीचे पैसे घेतो. आपल्या कवींनी चोरीवर एक उपाय फार पूर्वी शोधला होता. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफत. वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतो तो त्यासाठीच. जिथे कोर्टकचेरी परवडत नव्हती तिथे नाममुद्रा हाच कवीचा नोंदणी कागद होता. आता तीन मिनिटांत गाणे बसवायचे म्हणून शेवटचे कडवेच कापले जाते, आणि कडव्याबरोबर कवी कापला जातो. काही बहाद्दर तर कवीचे नाव काढून तिथे स्वतःचे नाव बसवतात. याला चोरी म्हणायचे नाही तर काय?

कायदा आपल्या बाजूने आहे, हे आमच्या गायकांपर्यंत पोहोचलेलेच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणे रचले त्या क्षणी ते रचणाऱ्याचे होते; नोंदणी केली तर पुरावा पक्का होतो, पण नोंदणी नाही म्हणून हक्क जात नाही. गाण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते; तोंडी सौद्याने हक्क जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरवले की चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या कमाईतला गीतकार-संगीतकाराचा वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. हक्क विकला तरी गीतकार म्हणून आपले नाव लावून घेण्याचा अधिकार कवीकडेच राहतो, आणि गाणाऱ्यालाही आपल्या गायनाबरोबर नाव लागण्याचा अधिकार आहे. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे अण्णा भाऊंच्या साहित्याचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आणि वामनदादांच्या गाण्यांचा २०६४ अखेरपर्यंत चालणार आहे. हे साधे हिशेब आपल्या किती कलावंतांच्या घरात माहीत आहेत?

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. चळवळीचे गाणे विकायचे नसते, ते लोकांचे असते; त्यावर मालकी सांगणे म्हणजे बाजारूपणा, असे जुने कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण लोकांनी गाणे आणि व्यापाऱ्याने गाणे विकणे यांत फरक आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता जमलेल्या लोकांपुढे गाणे म्हटले तर कायदाही आडवा येत नाही. वस्तीतल्या पोराने वामनदादा मोकळ्या गळ्याने गावा, त्याला कोण अडवतो? प्रश्न आहे तो गाण्यावर दुकान मांडणाऱ्याचा. गाणे लोकांचे म्हणून कवीने उपाशी राहायचे आणि दुकानदाराने मात्र ते आपले म्हणून विकायचे, हा कुठला न्याय? त्यागाची अपेक्षा नेहमी गरीब कलावंताकडूनच का?

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. पाचगणीच्या त्या पोराच्या आयुष्यात शाळा, साथीदार आणि करार या तिन्ही गोष्टी वेळेवर आल्या. आपल्याकडे त्या वेळेवर आणण्याचे काम समाजाचे आहे. आम्ही भोकरपासून सुरुवात करा असे म्हणतो, कारण इथे गळ्यांना तोटा नाही. जयंती मंडळाने डीजेवर जेवढा खर्च होतो त्यातला थोडा वाटा बाजूला काढून विहारात एक हार्मोनियम आणि एक ढोलकी ठेवावी, आणि जुन्या गायकाला आठवड्यातून दोन दिवस पोरांना शिकवायला सन्मानाने बोलवावे. त्या गायकाला मानधन द्यावे, नुसती शाल नको. मंडळाने पार्टीला इसार देताना कागद करावा. रक्कम, तारीख आणि सर्व साथीदारांची नावे त्यात यावीत. निवेदकाने प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव घ्यावे आणि गायकाने शेवटचे कडवे गाळू नये. शिकलेल्या पोरांनी आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या कवींच्या वह्या उतरवून घ्याव्यात, त्यावर तारीख घालावी, मोबाईलवर त्यांच्याच आवाजात गाणी भरून ठेवावीत. आपल्या समाजातले वकील आता तालुक्याच्या कोर्टात आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस या कलावंतांचे जुने-नवे करार वाचून द्यावेत. राज्य शासनाच्या वृद्ध साहित्यिक-कलावंत मानधन योजनेचे अर्ज कुणाचे भरायचे राहिले आहेत, याची यादी कार्यकर्त्यांनी करावी.

यातल्या कुठल्याही कामाला मंत्र्याची परवानगी लागत नाही. पुढच्या १४ एप्रिलला भोकर तालुक्यात जितके मंडप उभे राहतील, तितक्या वह्या तयार व्हाव्यात एवढेच आमचे मागणे आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्या गावातल्या सर्वांत वृद्ध गायकाचे नाव, त्याने रचलेल्या गाण्यांची यादी आणि त्याच्या साथीदारांची नावे लिहावीत, आणि खाली मंडळाच्या अध्यक्षाने सही करावी.